आवाज किती वॅटचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

गाण्यांचा संच विकत घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न विचारतो, तो ‘आवाज गोड आहे का?’ असा नसतो. ‘किती वॅटचा आहे?’ असे तो विचारतो. दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो. शंभरापेक्षा दोनशे बरे, दोनशेपेक्षा पाचशे बरे. तांदूळ किलोवर, कापड मीटरवर, तसा आवाज वॅटवर. गंमत अशी की वॅट हे आवाजाचे माप नाहीच. ॲम्प्लिफायर स्पीकरच्या तारेत किती वीज ढकलू शकतो, एवढेच तो आकडा सांगतो. त्या विजेचा आवाज किती होणार आणि कसा होणार, हे पुढे स्पीकर ठरवतो, खोली ठरवते आणि आपला कान ठरवतो. मग या आकड्याला एवढा मान मिळाला कसा? ती हकिगत मुख्यतः अमेरिकेत घडली आणि तिची सुरुवात एका वॅटपासून झाली.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन इंजिनिअरांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या खाचेत तारेचे वेटोळे बसवायचे, वेटोळ्याला कागदी शंकू चिकटवायचा आणि वेटोळ्यातून गाण्याची वीज वाहू लागली की शंकू मागेपुढे हलून हवा हलवणार, अशी ती रचना. आज आपल्या घरातला जवळजवळ प्रत्येक स्पीकर याच आराखड्याचा वंशज आहे. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने तो ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आणला. किंमत अडीचशे डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच रक्कम. त्याच्या पेटीतच एक ॲम्प्लिफायर बसवलेला होता, तो एका वॅटचा.

बोलपटांचेही तेच. १९२७ साली ‘द जॅझ सिंगर’ झळकला तेव्हा पडद्यामागे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे माणसापेक्षा मोठे कर्णे उभे होते. याच कंपनीने १९३६ च्या सुमारास लहान थिएटरांसाठी दिलेला ‘९१’ मालिकेतला ॲम्प्लिफायर जेमतेम आठ वॅटचा होता. आठ वॅटमध्ये अख्खे थिएटर! आपल्याकडच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे उदाहरण तर पुष्कळांच्या आठवणीतले असेल. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ लागली की चाळीतल्या एका घरातला रेडिओ चार खोल्यांना पुरत असे. त्या रेडिओतून बाहेर पडणारी ताकद असे तीन-चार वॅट. तरी कोणी ‘आवाज पोचत नाही’ अशी तक्रार केली नाही. झाली असेल तर शेजाऱ्यांनी उलटी केली असेल.

हे कसे जमत होते? उत्तर सोपे आहे. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब आणि आजचा नऊ वॅटचा एलईडी दिवा साधारण सारखाच उजेड देतात, कारण पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो. स्पीकरमध्येही असा भेद असतो. काही स्पीकर थोड्या विजेत पुष्कळ आवाज देतात, काही पुष्कळ वीज खाऊन थोडा. फार कार्यक्षम नसलेला घरगुती स्पीकर मिळालेल्या विजेपैकी शेकडा एक भागाच्या आसपासच आवाजात बदलतो. उरलेले नव्व्याण्णव भाग वेटोळे तापवण्यात जातात. जुने कर्णे या बाबतीत फार काटकसरी होते. तोंडाशी दोन्ही हात धरून हाक मारली की आवाज दूर जातो, त्याच न्यायाने कर्णा हवेवरची पकड वाढवतो.

ही काटकसर टोकाला नेली ती पॉल क्लिप्श या इंजिनिअरने. १९४६ साली त्यांनी आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या लहान गावात ‘क्लिप्शहॉर्न’ हा स्पीकर बनवून विकायला सुरुवात केली. चार फुटांहून उंच पेटी, आत घडी घातलेला लाकडी कर्णा. तो खोलीच्या कोपऱ्यातच ठेवायचा, कारण कोपऱ्याच्या दोन भिंती हाच कर्ण्याचा पुढचा भाग! एका वॅटमध्ये, एक मीटर अंतरावर, तो शंभर डेसिबलच्याही वर आवाज देई. लग्नाच्या बँडच्या अगदी जवळ उभे राहिल्यासारखा. ‘या देशाला खरी गरज आहे ती एका चांगल्या पाच वॅटच्या ॲम्प्लिफायरची’ हे वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते. ते विनोदाने म्हटलेले असले तरी क्लिप्शहॉर्नच्या मालकाच्या बाबतीत शब्दशः खरे होते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात १९४७ साली एका ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जुळवला. त्याची कीर्ती होती ती ताकदीसाठी नव्हे. ताकद पंधराच वॅटची होती. आवाजात मिसळणारा खोटेपणा, म्हणजे मूळ सुरात नसलेले आणि यंत्राने स्वतःचे घातलेले सूर, हजारात एका भागापेक्षा कमी होते, यासाठी तो नावाजला गेला. त्या काळी जाणकार माणूस ‘किती वॅट?’ याआधी ‘किती स्वच्छ?’ असे विचारत होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता थोडे गणित, कारण त्याशिवाय पुढची शर्यत कळायची नाही. आपला कान वाण्याच्या तराजूसारखा मोजत नाही. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की आवाज तीन डेसिबलने वाढतो आणि कानाला तो ‘हं, जरा वाढला’ एवढाच वाटतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर ताकद साधारण दहापट करावी लागते. म्हणजे पन्नास वॅटचा ॲम्प्लिफायर देऊन शंभरचा घेतला तर पैसे पुष्कळ जास्त पडतात आणि फरक पडतो तो व्हॉल्यूमचे बटण किंचित फिरवण्याएवढा. उलट, तीन डेसिबल जास्त कार्यक्षम स्पीकर घेतला तर तोच फरक फुकटात मिळतो. क्लिप्शहॉर्न आणि पुढे आलेले लहान स्पीकर यांच्यात अठरा-वीस डेसिबलचे अंतर होते. त्याचा अर्थ असा की एकाच्या एका वॅटला दुसऱ्याचे साठ-सत्तर, प्रसंगी शंभर वॅट लागत.

आणि हे लहान स्पीकर आले तिथेच या कथेचे वळण आहे.

एडगर व्हिल्चर हे न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनर्निर्मितीचा वर्ग घेत. त्यांना एक गोष्ट खटकत होती. स्पीकरचा शंकू कडेने एका ताठ पट्टीने धरलेला असे. ही पट्टी स्प्रिंगचे काम करी, पण वाईट स्प्रिंगचे. थोडे ढकलले तर एक वागणूक, जास्त ढकलले तर दुसरी. त्यामुळे खर्जातले सूर विद्रूप होत. व्हिल्चर यांनी विचार केला की ही पट्टी ढिली करून टाकावी आणि स्प्रिंगचे काम हवेला द्यावे. घट्ट बंद केलेल्या लहान पेटीतली हवा दाबली की परत ढकलते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला की तो उसळून वर येतो, तसेच. ही हवेची स्प्रिंग पोलादापेक्षा प्रामाणिक वागते. पहिल्या नमुन्यासाठी त्यांनी शंकूची कडेची पट्टी चक्क गादीच्या खोळीच्या कापडाची केली. त्या कापडाचा नमुना आखायला त्यांच्या पत्नी रोझमेरी यांची मदत झाली.

त्यांच्या वर्गात हेन्री क्लॉस नावाचा एक तरुण येत असे. १९५४ साली दोघांनी मिळून मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे ‘अकूस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली आणि ‘एआर-१’ हा स्पीकर विकायला काढला. दोन घनफुटांपेक्षा लहान पेटी, पुस्तकाच्या मांडणीवर मावणारी. तिच्यातून ऑर्गनचे खोल खर्जाचे सूर इतके स्वच्छ येत की ऐकणारे मागे दुसरी पेटी लपवली आहे का ते पाहत. १९५८ साली ‘एआर-३’ आला, तो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. या स्पीकरच्या जाहीर परीक्षाही झाल्या. रंगमंचावर ‘फाइन आर्ट्‌स क्वार्टेट’चे चार वादक बसत. काही वेळ खरेच वाजवत, मध्येच गज नुसते हवेत फिरवत आणि तेवढ्यात स्पीकरमधून ध्वनिमुद्रण चालू होई. बदल नेमका कुठे झाला, हे श्रोत्यांपैकी बहुतेकांना सांगता येत नसे.

मग किंमत कशात मोजायची होती? वॅटमध्ये. बंद पेटीतल्या हवेशी झगडून जड शंकू हलवायचा म्हणजे वीज जास्त लागणारच. क्लिप्शहॉर्न जे काम एका वॅटमध्ये करी, त्यासाठी या पेटीला कितीतरी पट द्यावे लागे आणि पंचवीस वॅटच्या खालचा ॲम्प्लिफायर तिच्यापुढे दमत असे. १९५७ साली क्लॉस यांनी ज्या भागीदारांबरोबर ‘केएलएच’ ही वेगळी कंपनी काढली, त्यांतले एक होते अँटन हॉफमन, सुप्रसिद्ध पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. त्यांच्या नावाने एक नियम आजही सांगितला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोन मागा, तिसरी मिळणार नाही. माझ्या मते वॅटच्या सगळ्या शर्यतीचे मूळ या एका नियमात आहे.

लोकांनी कोणत्या दोन मागितल्या असतील? १९५८ च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या. आता एक नव्हे, दोन स्पीकर हवेत. कपाटाएवढी एक पेटी दिवाणखान्यात कशीबशी खपली असती, दोन कोण ठेवू देणार? त्यामुळे लहान पेटी जिंकली, खोल खर्ज तर हवाच होता, आणि गमवायची वेळ आली ती कार्यक्षमतेवर. तेव्हाच ट्रान्झिस्टर आले. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ताकद वाढवायची तर लोखंडाचे वजनदार ट्रान्सफॉर्मर लागत. ट्रान्झिस्टरने १९६० च्या दशकात वॅट स्वस्त केला. स्पीकरला भूक लागली होती आणि खाद्य स्वस्त झाले.

इथपर्यंत सारे सरळ होते. घरगुती स्पीकरला पन्नास-साठ वॅट लागतात हे खोटे नव्हते. पण एकदा वॅट हा विक्रीचा आकडा झाल्यावर जाहिरातवाले तो वाकवू लागले. सलग देता येणारी ताकद सांगण्याऐवजी क्षणभर निघणारी ‘म्युझिक पॉवर’ सांगायची. ती अपुरी वाटली तर तिचे शिखर घेऊन दुप्पट करायची. मग डावा-उजवा मिळून पुन्हा दुप्पट. पंधरा वॅटचे यंत्र कागदावर शंभरी गाठू लागले. शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला मध्ये पडावे लागले. १९७४ साली त्यांनी नियम केला आणि त्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. जाहिरातीत वॅट सांगायचे असतील तर ते सलग मोजलेले हवेत, दोन्ही बाजू एकाच वेळी चालवून हवेत, किती ओहमच्या भारावर, कोणत्या सुरापासून कोणत्या सुरापर्यंत आणि किती विद्रूपतेसह, हे सारे सांगायचे. शिवाय मोजण्याआधी यंत्र एक तासभर एकतृतीयांश ताकदीवर चालवून तापवायचे. ही शेवटची अट कंपन्यांना फार झोंबली, कारण त्या जातीचे ॲम्प्लिफायर पूर्ण ताकदीपेक्षा एकतृतीयांशाच्या आसपासच सर्वांत जास्त तापतात. पुढे ती अट सैल करून एकअष्टमांश करण्यात आली.

या नियमाचा एक परिणाम गमतीचा झाला, असे मला वाटते. खोटे आकडे गेले, पण खऱ्या आकड्याला सरकारी शिक्का मिळाला आणि शर्यत उलट जोरात सुरू झाली. जपानी कंपन्या त्यात उतरल्या. पायोनियरने १९७६ साली दर बाजूला १६० वॅट देणारा रिसीव्हर काढला, १९७८ साली २७० वॅटचा ‘एसएक्स-१९८०’. त्याचे वजन पस्तीस किलोच्या आसपास होते. टेक्निक्सने ३३० वॅटचा काढून त्यावर कडी केली. हे वॅट खरे होते. ते कुठल्या दिवाणखान्याला लागत होते, हा प्रश्न निराळा.

आणि त्या प्रश्नाला एक गंभीर उत्तरही होते, ते इथे सांगितले नाही तर अन्याय होईल. १९७० च्या दशकाच्या आरंभी बॉब कार्व्हर यांच्या ‘फेज लिनियर’ कंपनीने दर बाजूला ३५० वॅटचा ॲम्प्लिफायर विकायला काढला. लोकांनी त्यांना वेड्यात काढले. त्यांचे म्हणणे होते की संगीत एका पातळीवर वाहत नाही. तंबोऱ्याचा नाद सपाट चालतो, पण तबल्यावर थाप पडली की क्षणभर ताकदीची मागणी सरासरीच्या पन्नासपट, शंभरपट होते. सरासरी अर्धा वॅट लागत असेल तर त्या एका थापेला पन्नास वॅट लागतील. ॲम्प्लिफायरकडे तेवढे नसतील तर लाटेचा माथा करवतीने कापल्यासारखा सपाट होतो, आणि आपण म्हणतो ‘आवाज फाटला’. (तबल्याचे उदाहरण माझे, कार्व्हर यांचे नव्हे.) मुद्दा बरोबर होता. जादा वॅट हे आवाज मोठा करण्यासाठी नसतात, थाप फाटू नये म्हणून राखून ठेवलेले असतात. घरातली पाण्याची टाकी मोठी असली म्हणून नळाचे पाणी गोड होत नाही, फक्त एकाच वेळी चार नळ सोडले तरी धार तुटत नाही. फाटलेल्या आवाजाने नाजूक ट्वीटर जळतात, म्हणून अपुरा ॲम्प्लिफायर कमाल बटणावर चालवणे कधीकधी मोठ्या ॲम्प्लिफायरपेक्षा धोक्याचे ठरते.

पण थाप फाटत नसेल, तर? मग जादा वॅट नुसते बसून असतात. आपल्या बारा-चौदा फुटी खोलीत, बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडे वर गाणे लावले असेल तर स्पीकरला मिळणारी सरासरी ताकद एका वॅटचा दहावा भाग असू शकते. उघड्या मैदानात, जिथे भिंती नाहीत आणि श्रोता शंभर फुटांवर आहे, तिथली गोष्ट वेगळी. मंडपाचा हिशेब दिवाणखान्याला लावू नये.

१९८७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने एक चाचणी प्रसिद्ध केली. सुमारे सव्वादोनशे डॉलरच्या साध्या रिसीव्हरपासून बारा हजार डॉलरच्या व्हॉल्व्हच्या जोडीपर्यंत निरनिराळे ॲम्प्लिफायर घेतले. सर्वांचा आवाज काटेकोरपणे एकाच पातळीवर आणला आणि कोणता चालू आहे हे न सांगता लोकांना ऐकवले. ठामपणे ओळखणारे आपणच, अशी खात्री असलेली मंडळीही त्यांत होती. उत्तरे निघाली ती नाणे उडवून आल्यासारखी. यावर आजही वाद चालतात. पण त्यातली ‘एकाच पातळीवर’ ही अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दोन संच ऐकवताना एक अर्धा-एक डेसिबलने जरी मोठा असला, तर तो मोठा आहे हे ध्यानात येत नाही, तो ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानात जास्त वॅटचा संच नेहमी जास्त सुरेल का वाटतो, याचे अर्धे उत्तर यात आहे.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. शेकडा नव्व्याण्णव भाग वीज उष्णता होते हे आपण पाहिले. जास्त वॅट ढकलले की तांब्याचे वेटोळे तापते, तापले की त्याचा विरोध वाढतो आणि विरोध वाढला की ते वीज कमी घेते. दोनशे अंश तापमान चढले तर विरोध जवळजवळ पावणेदोनपट होतो. म्हणजे बटण वाढवावे, आणि आवाज त्या प्रमाणात वाढूच नये! वाढतो तो फक्त धोका. लहान स्पीकरचा शंकूही ठरावीक अंतरापलीकडे पुढे येऊ शकत नाही. तिथे दहा हजार वॅटही हात टेकतील.

आपल्याकडे १९९० च्या दशकात ही शर्यत एका विनोदी रूपात आली. हातात धरून नेता येईल अशा संचावर चकचकीत अक्षरांत ‘१००० वॅट पीएमपीओ’. आणि तोच संच उलटा करून पाहिला तर मागच्या पाटीवर लिहिलेले असे, वीज लागते तीस-चाळीस वॅट. भिंतीतल्या सॉकेटमधून चाळीस घेऊन हजार देणारे यंत्र निघाले असते तर वीज मंडळाचे सगळे प्रश्न तेव्हाच सुटले असते. पीएमपीओ म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. तो कसा मोजायचा याचे एकच ठरलेले माप नव्हते, ज्याला जो शोभेल तो त्याने छापला.

अमेरिकेचा नियमही दरम्यान जुना झाला होता. किती विद्रूपता आणि कोणते सूर, हे सांगण्याची सक्ती होती, पण मर्यादा कंपनीने स्वतः निवडायची होती. पाच-सात स्पीकरचे होम थिएटर आल्यावर एकाच सुरावर, एकच बाजू चालवून, शेकडा दहा विद्रूपतेला मोजलेले वॅट खोक्यावर दिसू लागले. २०२४ साली फेडरल ट्रेड कमिशनने नियम सुधारला आणि ऑगस्टपासून तो लागू झाला. आता घरगुती ॲम्प्लिफायरचे वॅट आठ ओहमच्या भारावर, २० ते २०,००० कंपनांच्या पूर्ण पल्ल्यात, शेकडा एकपेक्षा कमी विद्रूपतेला मोजायचे. इतर मोजमापे छापायला बंदी नाही, पण ती नियमातल्या आकड्यापेक्षा ठळक छापता येत नाहीत.

स्पीकरच्या माहितीपत्रकात मात्र दुसरा एक आकडा असतो, एका वॅटमध्ये एक मीटरवर किती डेसिबल. साधारण ८४ पासून ९२ पर्यंत काहीतरी. ८७ डेसिबलचा स्पीकर शंभर वॅटमध्ये जे देईल, ते ९० चा पन्नासमध्ये देतो आणि ८४ चा दोनशे मागतो. संच घ्यायला निघालात तर वॅट विचारायच्या आधी तो आकडा विचारा. आणि दोन संच ऐकून निवडायचे असतील तर दुकानदाराला आधी दोघांचा आवाज सारखा करायला सांगा.